फक्कीचा चौकोन

कबड्डीच्या मैदानाला लागून, पंचांच्या टेबलाच्या डाव्या बाजूला, फक्कीनं आखलेला आणखी एक चौकोन असतो. फक्की म्हणजे मैदानाच्या रेषा मारायची पांढरी भुकटी. चौकोन फार मोठा नसतो. एक माणूस आडवा झोपेल आणि दुसऱ्याला त्याच्या भोवती गुडघ्यांवर फिरता येईल, एवढाच. कबड्डीच्या नियमपुस्तकात तो सापडणार नाही. लोणार आणि मेहकरकडच्या गावांत मात्र स्पर्धा असली की तो आता आखला जातो, आणि आखणाऱ्याला कारण विचारलं तर ‘असतोच’ एवढंच उत्तर मिळतं.

तो असायचाच असं नव्हतं. तो कसा आला आणि बीबी या गावी एका दुपारी तो कसा टिकला, ते इथे नोंदवते आहे.

मी खेळाडूंची फिजिओथेरपिस्ट. बुलढाण्यात दवाखाना आणि हिवाळ्यात, स्पर्धांच्या हंगामात, गावोगावची मैदानं, असं काम निवृत्त होईपर्यंत केलं. गावांत या कामाला नाव नव्हतं. सुरुवातीला मला मालिशवाली म्याडम म्हणत. पुढे माझ्या हातात थंड फवाऱ्याचा डबा दिसू लागला तेव्हा स्प्रेवाली म्याडम झाले, आणि ते नाव शेवटपर्यंत राहिलं. स्प्रेवर लोकांचा विश्वास इतका, की खेळाडू पडला म्हणजे त्याला कुठे लागलं हे कळायच्या आत चारही बाजूंनी ‘स्प्रे मारा, स्प्रे मारा’ सुरू होई. एकदा एका मुलाचा दात हलला. तेव्हाही.

स्प्रे मारणं आणि पट्टी बांधणं हा या कामाचा सगळ्यात सोपा भाग. अवघड भाग स्पर्धेच्या आधी, मंडळाच्या कार्यालयात, चहा पिता पिता उरकावा लागतो. मला नेमलं कोणी आणि मी कोणाचं ऐकायचं, हे आधी ठरावं लागतं. संघानं नेमलेल्या माणसावर संघ दबाव आणतो, म्हणून मी आयोजकांकडूनच नेमणूक घ्यायचे. माझ्या नोंदणीचा दाखला न मागता दाखवायचे, कारण मागत कोणीच नसे. मी काय करणार नाही, तेही सांगायचे. सुई टोचणार नाही, गोळ्या लिहून देणार नाही, सुजलेल्या गुडघ्याकडे पाहून ‘काही नाही, खेळ’ असं म्हणणार नाही. खेळाडूला हात लावण्याआधी त्याला विचारणार. तो लहान असेल तर आईवडिलांची संमती स्पर्धेआधीच घेणार. मुलगी असेल तर आडोसा हवा आणि सोबत एक बाई हवी.

मग गाडी. दवाखान्यात न्यायला एक गाडी मैदानाजवळ, तोंड रस्त्याकडे करून, उभी पाहिजे आणि तिची चावी माझ्याकडे पाहिजे. चावीच्या अटीवर सगळे हसत. पण गावच्या स्पर्धेत मोकळी उभी केलेली गाडी मोकळी राहत नाही. ती बर्फ आणायला जाते, पाहुण्यांना घ्यायला जाते, आचाऱ्याच्या कढया पोचवायला जाते, आणि नेमकी हवी तेव्हा ती कुठे आहे हे सांगणारा माणूसही तिच्यातच बसून गेलेला असतो.

शेवटची अट अशी होती: हा खेळाडू खेळू शकत नाही, असं मी सांगितलं तर तो त्या दिवशी खेळणार नाही. प्रशिक्षक म्हणाले तरी नाही, अध्यक्ष म्हणाले तरी नाही, तो स्वतः म्हणाला तरी नाही. या कागदावर अध्यक्ष सही करत. वाचून करत असावेत, असा माझा बरीच वर्षं समज होता.

कागद मंडळाच्या कपाटात राही आणि खेळाडू मैदानात पडे. मधलं अंतर गर्दीनं भरलेलं असे. लोणारच्या एका स्पर्धेत पकडीत एका मुलाचा घोटा मुरगळला. मी पोचेपर्यंत त्याच्या भोवती कडं झालं होतं. एक जण पायाचा अंगठा ओढत होता, एक जण डोक्यावर पाणी ओतत होता, एक जण टोपीनं वारा घालत होता, दोघे मोबाइलवर चित्रीकरण करत होते. मुलाचं डोकं कोणत्या बाजूला आहे हे बाहेरून कळेना. आत शिरले तर मध्यभागी सुपडाजी बसलेले.

सुपडाजी या भागातले हाड बसवणारे. पांढरं धोतर, कानात अत्तराचा बोळा. मैदान कुठलंही असो, पहिल्या रांगेत त्यांची जागा धरलेली असे.

“या म्याडम,” ते म्हणाले. “झालंच हाये तसं. एक झटका राह्यला फक्त.”

“थांबा. त्याला विचारलं का?”

“कोनाले?”

“ज्याचा पाय आहे त्याला.”

सुपडाजींनी पहिल्यांदाच मुलाच्या तोंडाकडे पाहिलं. “काय बे, ओढू का?”

“नका ओढू,” मुलगा म्हणाला.

“पाहा,” सुपडाजी गर्दीला म्हणाले. “म्याडमनं भेवाडलं त्याले.”

संमती घेणं म्हणजे काय, हे त्या गावात त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं आणि कोणालाच आवडलं नाही.

पुढचा सामना सुरू होण्याआधी मैदान आखणारा गडी उरलेली फक्की परत पोत्यात भरत होता. मी त्याच्याकडून फक्कीचा डबा मागून घेतला आणि पंचांच्या टेबलाशेजारी हातानंच एक चौकोन मारला. रेषा वाकड्या आल्या. मनात योजना अशी काही नव्हती, मला फक्त हात हलवायला जागा हवी होती. पुढच्या सामन्यात एका मुलाच्या बोटाला लागलं, तेव्हा त्याला उचलून तिथे आणायला सांगितलं. मागून गर्दी धावत आली आणि रेषेपाशी थांबली. पुढच्यांना मागून धक्के बसत होते, तरी ते टाचा रोवून उभे राहिले. ते थांबले याचं मला आश्चर्य वाटलं, त्यांना वाटलं नाही. कबड्डी हा सगळा रेषांचा खेळ आहे. मध्यरेषेला पायाचं बोट लागलं तरी सामना फिरतो. ज्या गावात लहानपणापासून प्रत्येकानं ही रेषा पायानं ओळखली आहे, तिथे तिच्यावर पाय टाकायला पायच तयार होत नाही. माझा सहीशिक्क्याचा कागद जे करू शकला नव्हता, ते ओंजळभर भुकटीनं केलं.

त्या स्पर्धेचे मुख्य पंच शेख सर होते. मेहकरचे, शाळेतून निवृत्त झालेले क्रीडाशिक्षक. सामना संपल्यावर ते चौकोनापाशी आले आणि शिट्टी बोटाभोवती फिरवत उभे राहिले.

“ये क्या बनाया म्याडम?”

“माझं मैदान.”

“अच्छा. मंग याच्या आत माझी शिट्टी चालनार नाही. मंजूर. पन याच्या बाहेर तुमची जबान चालनार नाही. तुमाले सामना थांबवायचा असन त हात वर करा. शिट्टी मी वाजवतो.”

“का? मी सांगितलं तर काय होईल?”

“तुमी सांगतलं त लोक वकिली करतीन. मी शिट्टी वाजवली त शिव्या देतीन. शिव्या देनारा मानूस बसून घेते, म्याडम. वकिली करनारा आत घुसते.”

कायद्याची याहून चांगली शिकवणी मला कुठल्याही अभ्यासक्रमात मिळाली नव्हती. पुढच्या स्पर्धेपासून अटींच्या कागदात चौकोन आला: आत जखमी खेळाडू, फिजिओ आणि मुलींच्या सामन्यात एक सोबतीण, बाकी कोणी नाही.

चौकोनाच्या भानगडीही झाल्या. दमलेले चढाईपटू लंगडत येऊन आत बसू लागले. बर्फ लावून घ्यायचा, घोटभर पाणी प्यायचं, दम भरून परत जायचं. एकाला डावा पाय दुखतो म्हणून बर्फ लावला आणि तो उजव्या पायानं लंगडत मैदानात गेला. शेख सरांनी मग जाहीर केलं, की चौकोनात आलेल्याच्या जागी लगेच राखीव खेळाडू आत जाईल. लंगडणं त्याच स्पर्धेत बंद झालं. सुपडाजींनी रेषेबाहेर, अगदी रेषेला चिकटून, आपली सतरंजी टाकली आणि तिथून आपलं मत देत राहिले. “म्या असतो त आतापर्यंत चालाले लागला असता,” हे त्यांचं वाक्य मी पट्टी बांधताना इतक्यांदा ऐकलं, की एखाद्या दिवशी ते गप्प असले तर चुकल्यासारखं वाटे.

आता बीबी.

बीबीच्या मंडळाचे अध्यक्ष गुलाबराव. शेती करणारे, तालुक्यात मान असलेले, तरुणपणी डाव्या कोपऱ्यात खेळणारे. त्यांनी धरलेला पाय सुटत नसे, असं त्यांचे विरोधकही सांगत. त्यांची भाची कांचन कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायची आणि गावच्या मुलींच्या संघात चढाई करायची. मामानं तिला घरामागच्या शेतात, पाणी मारून माती बसवून, लहानपणापासून खेळवलं होतं. त्या वर्षी बीबीच्या स्पर्धेला विभागाच्या संघासाठी मुली निवडणारे दोघे जण येणार होते. कांचनचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. तिला त्या संघात जायचं होतं आणि पुढच्या वर्षी कोण कुठे असेल याची खात्री नव्हती. घरात दुसरा विषय नव्हता, असं तिच्या मामी सांगत.

सकाळी गुलाबरावांनी माझ्या कागदावर सही केली. पेनाचं टोपण लावता लावता म्हणाले, “सही पाह्यजे त दहा घ्या, म्याडम. फक्त जीप अर्ध्या तासासाठी द्या. पाहुने लोणारले येऊन बसले.”

“गाडी हलणार नाही.”

“अवो, पाहुने कायच्यावर येतीन?”

“ते तुम्ही बघा. चावी माझ्याकडे आहे.”

प्रमुख पाहुणे मोटरसायकलवर मागे बसून आले. एका हातानं फेटा धरलेला होता. लाऊडस्पीकरवर त्यांचं स्वागत ‘साधेपणानं आलेले’ असं झालं. गुलाबराव माझ्याकडे पाहत होते. मी बर्फाच्या पेटीकडे पाहत होते.

कांचननं सकाळचा उपांत्य सामना एकटीनं काढला म्हणायला हरकत नाही. मेहकरच्या मुलींना तिचा पाय दिसत होता, पण हाती लागत नव्हता. दुपारी अंतिम सामना. समोर रोहिणखेडच्या मुली, उंच आणि दणकट. पहिल्या डावाच्या अखेरीला कांचन चढाईला गेली, तिघींनी मिळून तिला धरलं, आणि खाली पडताना एकीचा गुडघा तिच्या कानाच्या वर लागला. आवाज टेबलापर्यंत आला. मी उठून उभी राहिले. पण कांचन लगेच उठली, माती झटकली आणि बाहेर जाऊन बसली. नंतर गुण मिळून ती परत आत आली आणि आपल्या कोपऱ्यात उभी राहिली. चाल ठीक होती. मी उभीच होते.

रोहिणखेडची चढाईपटू मध्यरेषा ओलांडून आली. ‘कबड्डी कबड्डी’ हा घोष चढाई करणाऱ्यानं समोरच्याच्या मैदानात, एका दमात करायचा असतो. बचाव करणाऱ्यानं तोंड मिटून पाय पाहायचे असतात. कांचन आपल्या कोपऱ्यात उभी राहून, स्वतःच्याच मैदानात, ‘कबड्डी कबड्डी’ म्हणू लागली. स्पष्ट, एका लयीत. प्रेक्षक हसले. ती समोरचीला चिडवते आहे असं त्यांना वाटलं. तिच्या शेजारच्या मुलीनं वळून तिच्याकडे पाहिलं. कांचन हसत नव्हती.

मी हात वर केला. शेख सरांनी चढाई पूर्ण होऊ दिली आणि शिट्टी वाजवली.

कांचन स्वतःच्या पायांनी चौकोनात आली. तिच्या मामी सोबतीण म्हणून आत आल्या. मी खाली बसवलं, तपासू का असं विचारलं, ती हो म्हणाली.

“आत्ता सामना कोणाशी चालू आहे, कांचन?”

“मेहकरच्या पोरीयशी.”

“सकाळ आहे की दुपार?”

“सकाळ.” ऊन तिच्या डोळ्यांवर पश्चिमेकडून येत होतं आणि तिला ते सहन होत नव्हतं. “म्याडम, मी बरी हावो. स्प्रे मारा अन् सोडा मले.”

“कुठे मारू?”

तिनं बराच विचार केला. “कुठंबी मारा.”

डोक्याला मार लागल्यावर माणूस बेशुद्ध पडला तरच काळजी, असं पुष्कळांना वाटतं. बहुतेक जण बेशुद्ध पडतच नाहीत. ते चालतात, बोलतात, फक्त थोडे मागे राहून जातात. त्या अवस्थेत दुसरा मार बसला तर काय होईल, हे कोणी खात्रीनं सांगू शकत नाही, आणि म्हणून त्या दिवशी परत खेळायचं नाही एवढाच नियम आहे. त्याला अपवाद नाही. मी शेख सरांकडे पाहून आडवा हात केला. प्रशिक्षकांनी राखीव मुलीला उठवलं. लाऊडस्पीकरवर नाव बदललं.

गुलाबराव व्यासपीठावरून उतरून आले. मागून गाव आलं. रेषेपाशी ते थांबले.

“म्याडम, पोरगी चालून राह्यली, बोलून राह्यली. काऊन बसोली?”

“ती सकाळचा सामना खेळते आहे, गुलाबराव.”

“दुसऱ्या डावात सोडा. एका चढाईपुरती. ते दोघं तिच्यासाठी आलेत.”

“आज नाही.”

“मी लिहून देतो. माझ्या जबाबदारीवर. स्टँपपेपर आनू का?”

“तुम्ही सकाळीच लिहून दिलं आहे.”

“ते बाकीच्या पोरीयसाठी होतं,” गुलाबराव म्हणाले. खोटं बोलत नव्हते. सही करताना त्यांच्या मनात खरोखर बाकीच्या मुली होत्या.

आपल्याकडे ‘लिहून देतो’ या दोन शब्दांवर सगळी दारं उघडतात असा समज आहे. पण गुलाबराव तिच्या डोक्याची जबाबदारी घेऊ शकत नव्हते, कारण डोकं त्यांचं नव्हतं. कांचन वयानं सज्ञान होती, तिची सही चालली असती, पण ज्या डोक्यानं सही करायची त्यालाच मार लागलेला होता. राहता राहिले मी, आणि माझ्याकडे सकाळची सही आणि चार वाकड्या रेषा होत्या.

“मामा,” कांचन आतून म्हणाली, “सांगा ना म्याडमले. मी खेळतो म्हना.”

मागून कोणी तरी म्हणालं, “सुपडाजीले दाखवा. सुपडाजी सांगते खरं काय ते.”

सगळे सुपडाजींकडे वळले. ते सतरंजीवर मांडी घालून बसले होते. या वेळी मला खरी धास्ती वाटली. ते ‘एक झटका’ म्हणाले असते, तर पुढे काय झालं असतं हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी धोतर सारखं केलं.

“मी हाडाचा मानूस,” ते म्हणाले. “डोक्याले आपुन हात लावत नाही. माह्या बापानंबी कधी लावला नाही.”

त्यांचीही एक मर्यादा होती, आणि ती त्यांनी कोणाच्या सांगण्यावरून पाळलेली नव्हती. मी त्यांच्याकडे पाहून मान हलवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

गुलाबरावांचा चेहरा लाल झाला होता. कांचन उठायचा प्रयत्न करत होती, मामी तिला धरून होत्या. गुलाबरावांनी एक पाऊल उचललं. ते आत आले असते तर त्यांच्या मागे सगळं गाव आत आलं असतं, आणि मी त्यांना थांबवू शकले नसते. मी उठलेसुद्धा नाही. माझा हात कांचनच्या खांद्यावर होता.

तेवढ्यात शेख सरांचा आवाज आला. ते मध्यरेषेवरच उभे होते. शिट्टी वाजवली नाही, आवाजही चढवला नाही. चढाईपटूला सांगावं तसं सांगितलं.

“गुलाबराव. पाय पाहा.”

गुलाबरावांनी खाली पाहिलं. त्यांचा पाय फक्कीच्या वर, हवेत होता. अर्धं आयुष्य या सूचनेवर त्यांचं शरीर ज्या तऱ्हेनं वागलं होतं, त्याच तऱ्हेनं वागलं. पाय मागे आला. पंजा रेषेच्या बाहेर, टाच दाबून, तोल मागे, अगदी कोपऱ्यातल्या खेळाडूसारखा. मग ते गर्दीकडे वळले.

“मांगं सरका बे,” ते म्हणाले. “सरका. कोनाच्या पायाले फक्की लागली त पाहून घेईन.”

गाव मागे सरकलं.

मी डॉक्टरांना फोन केला, जे पाहिलं ते सांगितलं आणि जीपची चावी काढून चालकाला दिली. दुसरा डाव बाकी होता आणि मैदानावर मी एकटीच होते, त्यामुळे मला हलता येत नव्हतं. कांचनबरोबर मामी निघाल्या. गुलाबरावांनी बक्षीससमारंभ दुसऱ्यावर सोपवला आणि तेही निघाले. जीप चौकोनाच्या पलीकडे उभी होती. कांचन बाहेर पडली होती, चौकोन रिकामा होता, सरळ दोन ढांगांत ते पोचले असते. ते रेषेच्या कडेकडेनं पूर्ण वळसा घालून गेले.

बीबी थोडक्यात हरली. शेख सरांना त्यांनी सांगितल्याप्रमाणे भरपूर शिव्या मिळाल्या, आणि शिव्या देणारे त्यांनी सांगितल्याप्रमाणे बसून होते. निवडीसाठी आलेल्या दोघांपैकी एक बाई जाताना माझ्याकडे आल्या.

“ती केव्हा खेळू शकेल?” त्यांनी विचारलं.

“ते डॉक्टर लिहून देतील. मी सांगणार नाही.”

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “सकाळचा सामना मी पाहिला आहे. लिहून आलं की कळवा.”

दवाखान्यात कांचनला रात्रभर ठेवून घेतलं आणि घरी सोडलं. त्यानंतरचं काम कंटाळवाणं असतं आणि मला ते सगळ्यात आवडतं. आधी विश्रांती, मग चालणं, मग हलकं पळणं, मग अंगाला अंग न लावता सराव, आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावर पकड. प्रत्येक पायरीवर डोकं दुखलं तर एक पायरी खाली. कांचन कुरकुर करत होती, गुलाबराव तिच्यापेक्षा जास्त. ते रोज फोन करायचे. “आज मोबाइल पाह्यला तिनं थोडासा. चालते का?” एकदा म्हणाले, “म्याडम, मले डोकं दुखल्यासारखं होऊन राह्यलं. मलेबी एक पायरी खाली घ्याव लागन का?”

डॉक्टरांचा कागद मिळाल्यावर तो पाठवला. कांचनला शिबिराचं बोलावणं आलं, तिथे तिची पुन्हा परीक्षा झाली आणि ती विभागाच्या संघात गेली. ज्या दिवशी यादी आली त्या दिवशी गुलाबरावांनी बुलढाण्याला माझ्या दवाखान्यात पेढ्यांचा पुडा पाठवला. पुडा सुपडाजी घेऊन आले होते. दवाखाना त्यांनी बाहेरूनच पाहिला. आत या म्हटलं तर म्हणाले, “नाई, आपली हद्द इथपर्यंत.” आणि हसले.

त्या अंतिम सामन्यातलं कांचनला काहीही आठवत नाही. ते परत येणारही नव्हतं. त्यामुळे गावानं तिला ते हवं तसं सांगितलं. तिच्या मामींच्या सांगण्यात ती स्वतःहून बाहेर आली. मैत्रिणींच्या सांगण्यात तिनं शेवटच्या चढाईत तिघींना बाद केलं. गुलाबरावांच्या सांगण्यात चौकोन त्यांनी स्वतः आखला होता आणि म्याडम आधी नको म्हणत होत्या. मी त्यांना दुरुस्त केलं नाही. एखादा नियम आपणच केला असं गाव सांगू लागलं, की त्याला कपाटातल्या कागदाची गरज उरत नाही.

खंत आहे, ती आधीच्यांची. चौकोन नव्हता तेव्हा स्प्रेच्या धुरात परत आत सोडलेले खेळाडू, जिथे माझी नेमणूक नसे तिथे, मी प्रेक्षकांत बसून पाहिले आहेत. त्यांतला एक गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून जिना चढतो आणि मला पाहून अजून ‘स्प्रे आहे का म्याडम’ विचारतो. मंडप ठरतो, हार ठरतात, लाऊडस्पीकर ठरतो, आणि मग कोणाला तरी फिजिओची आठवण होते, हेही पूर्ण बदललेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात बीबीच्या मंडळानं मला पाहुणी म्हणून बोलावलं. शाल दिली, पहिल्या रांगेत खुर्ची दिली. जीप मैदानाजवळ, तोंड रस्त्याकडे करून उभी होती. मी मोटरसायकलवर आले होते. चौकोन आखलेला होता, दोरी लावून, रेषा सरळ. फिजिओ मेहकरची एक तरुण मुलगी होती. चौकोनाशेजारी खुर्ची टाकून गुलाबराव बसले होते. केस पूर्ण पांढरे, हातात काठी. अध्यक्षपद त्यांनी सोडलं आहे, ही खुर्ची सोडलेली नाही.

सामना रंगला होता. एका मुलीनं बोनसचा गुण घेऊन उडी मारली आणि ती पाऊल मुडपून खाली आली. घोटा. तिला आत आणलं, फिजिओ खाली बसली आणि तिनं मुलीला काही तरी विचारलं. मुलीनं मान हलवली. त्यानंतर फिजिओनं हात लावला. बरोबर. पण तिनं पाय थोडा वर घ्यायला हवा होता, खाली काही तरी आधार द्यायला हवा होता, आणि बर्फाची पेटी तिच्या मागे राहिली होती. मी कधी उठले ते मला कळलं नाही.

“म्याडम.”

गुलाबराव माझ्याकडे पाहतही नव्हते. काठी मांडीवर आडवी होती आणि नजर मैदानावर.

“काय?”

“पाय पाहा.”

मी खाली पाहिलं. चपलेच्या टोकाला पांढरं लागलं होतं.

मी पाय मागे घेतला. तेवढ्यात त्या फिजिओ मुलीनं न वळता हात मागे नेऊन बर्फाची पेटी पुढे ओढली.